आईने दुरुस्त केलेलं वाळूचं चित्र

सुधीरकाका हयात असते तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं. आता ते नाहीत, शैलाकाकू तर त्यांच्याही आधी गेल्या, आणि आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण स्वतःला शहाणी करून लिहू नकोस." म्हणून सरळच सांगते. मी सतरा वर्षांची होते, मला जगातलं सगळं कळत होतं, आणि त्या तीन आठवड्यांत मी जे केलं त्याला माझ्याच पत्रकांच्या भाषेत चोरी म्हणतात.

आमचा फ्लॅट सिंगापूरमध्ये क्लेमेंटीला, आठव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांच्या काठ्या, त्यांच्या पलीकडे एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, पूल. गाडी गेली की ताटाळ्यातली ताटं बारीक किणकिणायची आणि आई फोडणीचा चमचा हातात धरून, ती जाईपर्यंत बोलणं थांबवायची. पहाटे कोकिळा असा काही गळा काढायच्या की खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा गॅलरीत येऊन त्यांना शिव्या द्यायचे. त्याच वेळी आमच्या दाराबाहेर, सगळ्यांच्या सामायिक कॉरिडॉरमध्ये, आई उकिडवी बसून रांगोळी घालत असायची. वीतभरच, कारण जास्त जागा घेतली तर शेजारच्या मलाय काकूंच्या चपलांना अडचण. पण त्या वीतभरात रेघ अशी पडायची की शाळेत निघालेली त्यांची मुलं उडी मारून पलीकडे जायची. आईच्या चिमटीत काहीतरी होतं. आणि एक खोड होती. दुसऱ्याची रांगोळी चुकलेली तिला बघवायची नाही. दिवाळीत मराठी मंडळींच्या घरी फराळाला गेलो की दारातली रांगोळी ती आधी बघायची, एखादी पाकळी वाकडी असली की इकडेतिकडे बघून, वाकून, बोटाने गुपचूप सरळ करायची. बाबा म्हणायचे, "अगं, पाहुणी आहेस, परीक्षक नाहीस." ती म्हणायची, "चुकलेलं तसंच सोडायचं? हात शिवशिवतात माझे."

सुधीरकाका बाबांचे पुण्यातल्या हॉस्टेलमधले खोलीसोबती. ते आधी सिंगापूरला आले, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठे झाले, काँडोत महागडा फ्लॅट घेतला. बाबांची कंपनी बंद पडली आणि इथे काम करायच्या पासची मुदत संपत आली, तेव्हा काकांनीच धावाधाव करून त्यांना दुसरी नोकरी मिळवून दिली. मला सायकल त्यांनीच शिकवली, पुलाउ उबीन बेटावर, छोट्या बमबोटीतून उतरल्यावर भाड्याने घेतलेल्या गंजक्या सायकलवर, मागून "पाय मार, बघत बसू नकोस!" असं ओरडत. आमच्या घरात त्यांच्या विरुद्ध बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

त्यांच्याकडे ते चित्र होतं. कॅरम बोर्डाच्या निम्म्याएवढी फळी, तिच्यावर रंगीत वाळू चिकटवून काढलेलं. अमेरिकेतल्या नावाहो लोकांचं. काका तिकडे कामाला गेले असताना शैलाकाकूही सोबत होत्या, तेव्हा वाळवंटातल्या एका दुकानातून घेतलेलं. दुकानदाराने सांगितलं होतं की अशा चित्रावर आजारी माणसाला बसवतात आणि तो बरा होतो. पुढे काकू आजारी पडल्या. सत्यनारायणालाही हसणाऱ्या काकांनी ती फळी दिवाणखान्यातून काढून झोपायच्या खोलीत टांगली, समोर खुर्ची ठेवली, आणि रोज सकाळी अर्धा तास काकूंना तिच्यासमोर बसवायला लागले. स्वतः शेजारी स्टुलावर. आठ महिने. काकू गेल्या.

वर्षश्राद्धासाठी काका तीन आठवडे पुण्याला निघाले. त्यांच्या काँडोत खिडक्या बदलायचं काम निघालं होतं, सगळीकडे सिमेंटची धूळ. म्हणून काकूंच्या एका मऊ सुती साडीत गुंडाळून ते चित्र आमच्याकडे घेऊन आले. आईच्या हातात देत म्हणाले, "वहिनी, वाळूला जपणारं माणूस माझ्या ओळखीत तुम्हीच एक. तिचं एवढंच राहिलंय माझ्याकडे, बाकी सगळं तिच्या बहिणींना देऊन टाकलं."

मी तेव्हा कॉलेजात पत्रकं काढणाऱ्या एका गटात होते. आमची एक सीनियर आम्हाला पत्रक लिहायला शिकवायची. मथळा तीन शब्दांचा. पहिलं वाक्य आरोपाचं. 'कदाचित' हा शब्द दिसला की पान फाडायची. आजही माझं लिहिणं तिच्याच हाताखालचं आहे, आणि मला त्याची लाज नाही. जगात चिडण्यासारखं पुष्कळ आहे. पण चिडणं आणि माहीत असणं या दोन गोष्टी आहेत, हे तिने शिकवलं नव्हतं.

मी वाचायला बसले. नावाहो लोकांत आजारी माणसासाठी विधी असतो. मंत्र जाणणारा गायक गातो आणि घराच्या जमिनीवर दगडांची पूड, कोळसा, परागकण चिमटीतून सोडत चित्र काढलं जातं. आजाऱ्याला त्यावर बसवतात. चित्रातलं बळ त्याच्यात येतं, त्याचं दुखणं वाळूत उतरतं, आणि म्हणून ती वाळू लगेच पुसून बाहेर नेऊन टाकायची असते. ठेवायची नसते. दाखवायची तर नाहीच. आणि इथे ती चक्क डिंकाने चिकटवून, भिंतीवर! माझं डोकं फिरलं. मथळा जेवता जेवताच सुचला: 'भिंतीवर टांगलेली प्रार्थना'. पहिलं वाक्य तिथेच मोठ्याने म्हणून दाखवलं: 'या शहरातल्या एका बँकरच्या बेडरूममध्ये चोरीचं औषध आहे.'

"कोण बँकर?" बाबांनी वरणात चमचा तसाच ठेवून विचारलं.

"नाव नाही घातलंय."

"रेवा, ती वस्तू आपल्याकडे पाहुणी म्हणून आलीय. आरोपी म्हणून नाही."

"बाबा, तुमचं असंच असतं. मित्र असला की चोरी चालते."

"पैसे देऊन घेतलंय त्याने, पावती असेल!"

"पावती असली की पाप फिटतं? कान्ट लाइक दॅट, लाह!"

"घरात सिंगापुरी लाह-बिह नको," आई म्हणाली. "आणि भात घे."

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना फळीच्या मागचं लेबल बघायला मी ती, आईने खिडकीशेजारी टांगली होती त्या खिळ्यावरून, काढली. घामाने हात ओले होते. फळीचा खालचा कोपरा खिडकीच्या कठड्यावर आपटला आणि वाळूचा एक मोठा पोपडा, तळहाताएवढा, सुटून फरशीवर सांडला. त्याचा आवाज मला अजून आठवतो, रवा सांडल्यासारखा. तेवढ्यात आई भाजीच्या पिशव्या घेऊन दारात. मला वाटलं, आता ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "आधी पंखा बंद कर."

सांडलेली वाळू वाटीत भरली, पण सगळे रंग एकमेकांत मिसळले होते. काका यायला अडीच आठवडे होते. आई टेक्क्याच्या भारतीय बाजारातून रांगोळीचे रंग घेऊन आली, एकात एक मिसळून मूळच्या मातकट छटा जुळवल्या, डिंक भिजत घातला. प्रश्न उरला की तिथे होतं काय. मला नीट आठवेना, तिलाही नाही. मग मी लायब्ररीतून एक जुनं जाडजूड पुस्तक आणलं. कुणा संशोधकाने विधींना बसून, मागाहून आठवून काढलेली चित्रं त्यात होती, आणि त्यातलं एक आमच्या फळीशी जवळजवळ जुळत होतं. जवळजवळ. आईने चष्मा लावून एकदा पुस्तकाकडे आणि एकदा फळीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिवाळीतले भाव आले.

"लेबलवरच्या बाईचा हात सुरेख आहे गं. पण मोजायला चुकलीय. इथे तीन, पुस्तकात चार. हा रंगही उलटा. आणि ही कडेची पट्टी बघ, इथे नुसती तोडून टाकलीय."

काय तीन होतं आणि काय चार, ते मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

"मग पूर्ण कर," मी म्हणाले. हे मी म्हणाले. "नाही तरी त्या दुकानदाराने त्यांच्याकडून घाईत करून घेतलं असणार. आपण न्याय करू."

चार दुपारी ती बसली. पडलेलं भरलंच, शिवाय न पडलेलंही सुधारलं. नखाने चुकीचा रंग खरवडून काढायची, बरोबर रंग भरायची. मी फोनवर पान मोठं करून तिच्यासमोर धरायचे. घरात पंखा बंद, घाम हनुवटीवरून ओघळतोय, तो फळीवर पडू नये म्हणून तिने कपाळाला रुमाल बांधलेला. चौथ्या दिवशी झालं तेव्हा आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. इतकं देखणं दिसत होतं. मी फोटो काढला, पत्रकावर अर्ध्या पानाचा टाकला, कॉलेजात चाळीस रंगीत प्रती काढल्या. सोमवारी वाटायच्या होत्या. आणि लेबलवर जिचं नाव होतं तिला, दुकानाच्या ईमेल-पत्त्यावर, अभिमानाने पत्र लिहिलं: तुमच्या लोकांवरचा अन्याय आम्ही इथे उघड करत आहोत, सोबत पत्रक, तुमचा पाठिंबा कळवा.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. तिचं नाव लोरेन. पत्र मला पाठ आहे.

'फोटो पाहिला. फळी माझी आहे, चित्र माझं नाही. मी तीस वर्षं भिंतींसाठी चित्रं करते आणि प्रत्येकात मुद्दाम चुका करते. एखादी आकृती गाळते, रंग फिरवते, कड तोडते. माझ्या आईनेही तेच केलं. पूर्ण चित्र जमिनीवरचं, आजाऱ्याचं, गाणाऱ्याचं, आणि त्याच वेळी पुसायचं. चुका असतात म्हणून ते विकता येतं, कुणाच्या घरात राहिलं तरी कुणाला त्रास होत नाही. माझ्या चुका कुणी काढल्या? आणि तू त्याचे किती कागद केलेस?'

खाली लिहिलं होतं, उद्या बोलू या. तिची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ, नऊ वाजता.

मी पत्र मोठ्याने मराठीत सांगितलं. आई पोह्यांना कोथिंबीर चिरत होती. ती थांबली. "मुद्दाम?" म्हणाली. मग हात धुतले, नुसतेच धूत राहिली.

बाबा म्हणाले, "हे बघा, सुधीर उद्या दहाला येतोय. त्याला काही कळणार नाही. साडीत गुंडाळून द्या. संपलं."

"आणि ती बाई?"

"ती जगाच्या त्या टोकाला आहे!"

"बाबा, हेच. हेच मी म्हणते. लांबच्या माणसाचं चोरलं की चोरी होत नाही!"

"तू बोलू नकोस!" बाबा माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. "चोर कोण आहे या घरात? त्याने विकत घेतलं तेव्हा ते साधं चित्र होतं. पुस्तकातून खरं आणून त्यावर कुणी चिकटवलं? चाळीस कागदांवर कुणी छापलं? त्याच्या बायकोची शेवटची वस्तू आहे ती. त्याला काय सांगणार आहेस तू, पत्रक वाचून दाखवणार?"

मी दप्तरातला चाळीस प्रतींचा गठ्ठा काढून माझ्या खोलीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने दारात रांगोळी घातली नाही.

काका रविवारी दहाला नाही, साडेआठलाच आले. हातात आंबा बर्फीचा डबा, डोळ्यांखाली काळं. फळी जेवणाच्या टेबलावर होती. आईने झाकायला साडी उचलली, पण उशीर झाला.

"अरे वा! वहिनी, हे तर उजळलंय!" त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. रोज बघितलेल्या चित्रात काय वेगळं झालं ते दिसलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, नको.

"काका, मी ते पाडलं," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. पत्रकातलं पहिलं वाक्यसुद्धा.

ते खुर्चीवर बसले. फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील. ते म्हणाले, "म्हणजे शैलासमोर होतं ते खोटं होतं."

"खोटं नाही भावजी..."

"चुकीचं होतं. आठ महिने मी तिला चुकीच्या चित्रासमोर बसवलं." मग एकदम मान वर. "आणि आता? आता बरोबर झालंय?"

आईने हातातल्या साडीची घडी घातली.

"आता बरोबर आहे ना? मग कुणी हात लावायचा नाही." त्यांनी फळी ओढून छातीशी धरली, दोन्ही हातांनी. आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस. "पुसायचं वगैरे मी ऐकणार नाही. मी पैसे दिलेत. माझं आहे."

टॅबलेट वाजला. नऊ.

पडद्यावर साठीची बाई, चष्मा, मागे पिवळं ऊन आणि कपाटावर नातवंडांचे फोटो. तिने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. "आधी ते पालथं घाला," म्हणाली. काका हलले नाहीत. ती थांबली. परत सांगितलं नाही, नुसती थांबली. खालून गाडी गेली, ताटं किणकिणली. काकांनी फळी टेबलावर पालथी ठेवली, पण तळहात तिच्यावरून काढला नाही.

"तुम्ही मालक?"

"हो. एक विचारायचंय." काकांचं इंग्रजी बँकेतलं, कडक इस्त्रीचं. त्या दिवशी ते सुरकुतलं होतं. "हे तेव्हाच पूर्ण असतं, तर माझी बायको वाचली असती का?"

लोरेनने चष्मा काढला. "माझ्या नवऱ्यासाठी गाणारा आला होता. सगळं रीतसर झालं, हॉस्पिटलही झालं. तरी तो गेला. लाकडावरच्या वाळूला तुमच्या बायकोचं नाव माहीत नव्हतं, साहेब. तीत चूक असती तरी, नसती तरी. तुमच्या घरी राहून तुम्हाला काही होऊ नये म्हणून मी ती तशी केली होती. ती काळजी होती. फसवणूक नव्हे."

"मग आता काय करू म्हणता?"

"मी काही म्हणू शकत नाही. फळी तुमची आहे, तुम्ही ठेवलीत तर मी इथून काय करणार? मी विनंती करते. नंतर घातलेलं काढा, बाहेर नेऊन उत्तरेला मातीत टाका. माझ्या चुका परत घालू नका, आता त्याला कुणाचाच हात नको. जागा मोकळी राहू द्या." मग तिने मान तिरकी केली. "आणि सुधारलं कुणी?"

आईने वर्गात करतात तसा हात वर केला.

"शेकडो फळ्या विकल्या मी. माझा गृहपाठ तपासणारी तू पहिलीच."

आई हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "सॉरी ताई," मराठीतच म्हणाली. लोरेनला कळलं असावं, तिने मान डोलावली. माझ्याकडे वळून म्हणाली, "कागद." मी चाळीसच्या चाळीस तिच्यासमोर फाडले. फोनमधला फोटो पुसलेला दाखवला. ती म्हणाली नाही की शाबास.

फोन बंद झाला तरी काकांचा तळहात फळीवर तसाच होता. बाबा म्हणाले, "सुध्या, तुझं तू ठरव. आम्ही काही बोलणार नाही." चहा झाला. तो कुणी प्यायला नाही. मग काकांनी फळी सरळ केली, आईकडे सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हालाच माहीत कुठलं कुठलं ते."

तिने पातळ सुरीने खरवडलं, तिने घातलेलं तेवढंच. काका वाटी धरून बसले होते. चार दुपारींचं काम वीस मिनिटांत निघालं. खाली लाकडाचे पांढुरके डाग उघडे पडले. आम्ही चौघं लिफ्टने खाली उतरलो, बाबांनी फोनवरच्या होकायंत्रात उत्तर बघितली, इमारतीमागच्या गवतात चाफ्याखाली काकांनी वाटी रिकामी केली. वाटीला चिकटलेलं बोटाने पुसून काढलं.

"रोज तिच्यासोबत बसायचो," ते म्हणाले. "तिला बरं वाटत असणार, नाही का वहिनी?"

"तुम्ही शेजारी बसायचात, ते तिला फार बरं वाटायचं," आई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. बाबा त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेले, साडीत गुंडाळलेली फळी काकांच्या काखेत. माझ्याशी ते बोलले नाहीत, पुढे वर्षभर बोलले नाहीत.

लिफ्टमध्ये आई आणि मी दोघीच. ती वाटीकडे बघत होती. म्हणाली, "शैलाला ते चित्र मुळीच आवडायचं नाही. मला म्हणायची, त्यातले सगळे रांगेत उभे राहून माझ्याकडेच बघतात गं, भेटायला आलेल्या नातेवाइकांसारखे. डोळे मिटून बसायची ती तो अर्धा तास."

"आई!" मी ओरडलेच. "मग आत्ता सांगितलं का नाहीस? त्यांनी तोंडावर विचारलं तुला! त्यांना कळायला नको?"

"तिने मला सांगितलं होतं," आई म्हणाली. "त्यांना नाही."